नरवाई अज्ञानानं जळत नाही

गहू निघाला की इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर, देपालपूर, हातोदकडच्या शेतकऱ्याला दरवर्षी एकच उपदेश ऐकवला जातो: नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेलं काड, जाळू नका, तुमचं खत जळतं. हा उपदेश एकदा कागदावर मांडून बघू. एक टन गव्हाच्या काडात साधारण ५ किलो नत्र (नायट्रोजन) असतं. काड जाळलं की ते जवळजवळ सगळं हवेत जातं. पालाश (पोटॅश) राखेत उरतो. ५ किलो नत्र म्हणजे सुमारे ११ किलो युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे नुकसान झालं ६५ रुपयांचं. काड मातीत मिसळणाऱ्या भाड्याच्या रोटाव्हेटरची एकरी एक पाळीसुद्धा शेकड्यांत जाते. ज्याला बाजारहाट कळतो त्याला हे गणितही कळतं, म्हणून तो मान डोलावतो आणि संध्याकाळी वारा पडल्यावर काडी लावतो.

खरं नुकसान कर्बाचं (कार्बनचं) आहे. ते कुठल्याच पावतीवर दिसत नाही. काड जमिनीत कुजलं तर त्यातला थोडा भाग ह्यूमस (कुजून उरलेला टिकाऊ सेंद्रिय अंश) म्हणून टिकतो, माळव्याच्या काळ्या चिकण मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पहिल्या पावसाचं पाणी वाहून न जाता मुरतं. हा फायदा तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाताला लागतो आणि रोटाव्हेटरचं भाडं मात्र आज रोख द्यावं लागतं. म्हणून जाळणाऱ्याला अडाणी समजून आखलेला कार्यक्रम पहिल्याच पायरीवर चुकतो.

मध्य प्रदेशानं दंडाचा मार्गही धरून पाहिला आहे. जमिनीच्या आकारानुसार अडीच हजार ते पंधरा हजारांपर्यंत दंड आहे. १ मे २०२५ पासून नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे वर्षाचे सहा हजार मिळणार नाहीत आणि त्याचा माल हमीभावानं घेतला जाणार नाही, असंही राज्य सरकारनं जाहीर केलं. त्याआधीच्या, २०२४ च्या भात हंगामात उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या संख्येत मध्य प्रदेश पंजाबच्याही पुढे गेला होता, त्यामुळे सरकारची काळजी खोटी नाही. पण दंडाच्या भीतीनं थांबलेला माणूस पुढे काय करेल? हार्वेस्टरनं फूटभर उंच ठेवलेली ताटं त्याच्या शेतात उभीच आहेत. एप्रिल-मेच्या कोरड्या मातीत ती कुजत नाहीत. जूनमध्ये पेरणी यंत्राच्या दात्यांत काड अडकतं, गोळा होतं, बी एका जागी ढिगानं पडतं आणि पुढे दहा हात रिकामं जातं. त्या दिवशी त्याच्याजवळ जाणतं कुणी नसेल, तर पुढच्या वर्षी तो दंड भरून जाळेल किंवा रात्री जाळेल.

मातीचा कस परत आणू पाहणारी पुनरुज्जीवक शेती, नैसर्गिक शेती, कमी कर्बाची शेती, नाव काहीही द्या, ती शिकवण्याचा आपल्याकडचा साचा ठरलेला आहे. मंडप, बॅनर, तीन भाषणं, पुरी-भाजी, सामूहिक फोटो, प्रमाणपत्र. अहवालात लाभार्थ्यांची संख्या लागते आणि ती हजेरीपत्रकातून मिळते. त्या शंभरातल्या किती जणांनी पुढच्या हंगामात काय बदललं, हे विचारण्याची कुणावरच सक्ती नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की हे कौशल्य हंगामाचं आहे आणि ते शिकवणाऱ्यानं शेतात हंगामभर पुनःपुन्हा यायला हवं. सरकारचा आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीचा पैसा सभा, यंत्रं आणि बांधकामांवर जातो तो थांबवून या परत येणाऱ्या माणसावर आणि शेतकऱ्याच्या पहिल्या दोन हंगामांच्या जोखमीवर लावला पाहिजे.

इंदूरनं हे दुसऱ्या कुणाकडून शिकण्याची खरं तर गरज नव्हती. १९२४ साली होळकर संस्थाननं दिलेल्या ३०० एकरांवर इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे बसवलेली कंपोस्टची पद्धत १९३१ च्या त्यांच्या पुस्तकातून जगभर गेली आणि ‘इंदूर पद्धत’ याच नावानं आजही ओळखली जाते. या पद्धतीची ताकद तिच्या तपशिलात होती. कपाशीच्या आणि तुरीच्या काटक्या आधी गाडीवाटेवर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जायच्या. मग ते सगळं बैलांखाली अंथरायचं, म्हणजे गोमूत्र मुरतं. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल, कडा उतरत्या. काडीकचऱ्याचा थर, त्यावर गोमूत्र मुरलेली माती, राख, शेणाचा काला, आणि चालू खड्ड्यातलं थोडं अर्धवट कुजलेलं विरजण म्हणून. पहिली पलटी पंधरवड्यानं, दुसरी महिन्यानं, तिसरी दोन महिन्यांनी आणि तिसऱ्या महिन्याअखेर खत तयार.

यातला प्रत्येक आकडा हवेसाठी आणि ओलाव्यासाठी आहे. खड्डा चार फूट खोल केला तर तळाशी हवा पोचत नाही, वास सुटतो, माशा होतात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हा ढीग जमिनीवर रचायचा. पहिली पलटी चुकली तर मधला भाग तापून कोरडा पडतो, पांढरी बुरशी धरते आणि कुजणं थांबतं. मूठभर माल दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी पण पाणी ठिबकू नये, ही परीक्षा कुणीतरी हातानं करून दाखवल्याशिवाय येत नाही. ‘कंपोस्ट करा’ हे दोन शब्द मात्र भाषणात बसतात.

हीच गत पुढे नाडेप या कंपोस्ट पद्धतीची झाली. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांची ही पद्धत चांगली विचारपूर्वक बसवलेली आहे: १० फूट बाय ६ फूट बाय ३ फुटांची जाळीदार विटांची टाकी, १४००-१५०० किलो काडीकचरा, त्याला फक्त ९०-१०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली कोरडी माती, दीड-दोन हजार लिटर पाणी, आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे टाकी दोन दिवसांत भरून वरून लिंपून टाकायची. पलटीची कटकट नाही, शेण कमी लागतं. योजनेनं अनुदान दिलं ते टाकीच्या बांधकामाला. शेतकऱ्याच्या घरी कचरा रोज टोपलीभर निघतो, दोन दिवसांत दीड टन नाही. मग टाकी महिनाभर थोडी थोडी भरली जाते, भोकांतून वाळते आणि आत काही कुजत नाही. गोवऱ्या रचून ठेवायला मात्र तिच्याइतकी हवेशीर जागा दुसरी नाही. दीड टन काड एकदम जमायची वेळ माळव्यात वर्षातून एकदा येते: ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी झाल्यावर खळ्याशेजारी भुसाचा जो डोंगर पडतो तेव्हा. हे भूस जनावरं फारशा आवडीनं खात नाहीत म्हणून ते बऱ्याचदा पेटवलं जातं, आणि त्यात गव्हाच्या काडापेक्षा नत्र जास्त असतं. नाडेप भरायला याहून चांगला माल नाही. पण त्या आठवड्यात शेतकऱ्याला गव्हाच्या पेरणीची घाई असते. तेव्हा दोन दिवस येऊन चार माणसं लावून टाकी भरून घेणारा कार्यकर्ता मिळाला असता, तर त्या टाक्यांचं सोनं झालं असतं.

हंगामभराची शाळा म्हणजे काय, हे सोयाबीनवरून सांगता येईल. कल्पना नवी नाही. १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू केल्या. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, एकाच शेतात, पेरणीपासून कापणीपर्यंत. व्याख्यान नाही. झाड उपटायचं, कीड मोजायची, वादावादी करायची आणि आठवड्याचा निर्णय घ्यायचा. आपल्याकडे ‘शेतीशाळा’ हा शब्द आला, पण आठवड्याची सकाळ बहुतेक ठिकाणी गळून पडली.

माळव्यात या शाळेचा पहिला वर्ग मेअखेरीस भरावा. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची. सत्तरच्या खाली उगवण असेल तर बी बदला किंवा प्रमाण वाढवा. जूनमध्ये दुसरा वर्ग बीजप्रक्रियेचा. आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंचं कल्चर. हा क्रम उलटला तर औषधानं जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे पाण्यात जातात. हे कल्चर बियाण्याला गुळाच्या पाण्यातून हलक्या हातानं चोळायचं, कारण सोयाबीनचं साल नाजूक असतं. सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. पाकीट सोयाबीनचंच हवं, हरभऱ्याचं चालत नाही. आणि ते मेच्या उन्हात दुकानाच्या काचेत महिनाभर पडलेलं असेल तर त्यात जिवंत काही उरलेलं नसतं, मग वापरणारा म्हणतो, कल्चरनं काही होत नाही.

पेरणी साधारण १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफशावर, म्हणजे माती ओलसर असताना पण चिखल नसताना. दर तीन-चार ओळींनंतर एक सरी निघाली पाहिजे. रुंद वरंबा-सरीचं यंत्र असेल तर मीटरभराचा वरंबा सहज निघतो. नसेल तर पेरणी यंत्राचं एक भोक बंद ठेवून मोकळी ओळ सोडायची आणि कोळपणीच्या वेळी तिथे डोऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून सरी ओढायची. खर्च जवळजवळ शून्य. माळव्याची काळी माती जुलैच्या झडीत पाणी धरून बसते आणि ऑगस्टच्या उघडिपीत भेगा टाकते. सरी पहिल्या संकटात पाणी काढून देते आणि दुसऱ्यात ओल टिकवते.

मग पस्तिसाव्या दिवसाचा वर्ग, जो आमच्या मते अख्ख्या शाळेतला सगळ्यात मोलाचा आहे. झाड उपटायचं नाही, उपटलं की गाठी मातीतच राहतात. कुदळीनं ढेकळासकट काढायचं, बादलीत बुडवून माती सुटू द्यायची. मुख्य मुळावर, मानेजवळ ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. त्यातली एक नखानं फोडायची. आत गुलाबी-लाल रंग असेल तर कारखाना चालू आहे, हवेतलं नत्र पिकाला मिळतंय. पांढरी किंवा हिरवट-करडी असेल तर बंद. मग त्याच बांधावरून पलीकडच्या, सरी न काढलेल्या शेतातलं झाड तसंच काढायचं. पाणी साचलेल्या जागेत गाठी कमी आणि आतून फिक्या निघतात, कारण मुळांना हवा मिळालेली नसते. अशाच जागी पंचविसाव्या दिवशी पानं पिवळी पडलेली असतात, शेतकरी ती बघून युरिया फेकतो, आणि आयतं नत्र मिळाल्यावर झाड गाठींना पोसणं आणखी कमी करतं. पाणी साचणं, पिवळं पान, युरिया, आळशी गाठ, ही सगळी साखळी एका बादलीत दिसते. ज्यानं ती पाहिली त्याला पुढच्या वर्षी सरीसाठी अनुदानाची वाट बघावी लागत नाही.

नरवाईचा प्रश्नही याच टप्प्यावर अर्धा सुटतो. गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचं प्रमाण ८० ला १ च्या आसपास असतं. ते मातीत घातलं की कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलंच नत्र उचलतात, पुढचं पीक काही आठवडे उपाशी राहतं. म्हणून पुढचं पीक मका असेल तर नरवाई गाडणाऱ्याचा तोटा होऊ शकतो, आणि तो बोलूनही दाखवतो. पण पुढचं पीक सोयाबीन असेल तर हेच दुखणं पथ्यावर पडतं: जमिनीत मोकळं नत्र कमी म्हणजे गाठी जास्त. अट एकच, बियाण्याला कल्चर नीट लागलेलं हवं. उरला दात्यांत अडकण्याचा प्रश्न. हार्वेस्टरवाल्याला कापणी खालून घ्यायला सांगणं, भुसा करणाऱ्या रिपरची एक फेरी, पहिल्या पावसानंतर उथळ वखरणी आणि पेरणी ४५ सेंटिमीटरवर. नऊ इंचांवर दाते असले की काड हमखास गोळा होतं, दीड फुटावर ते मधून निसटतं.

शेतकऱ्याला परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या जातात हेही मान्य केलं पाहिजे. इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था दोन-तीन वर्षांतून एकदा उन्हाळी खोल नांगरट सुचवते, किडींचे कोष उन्हात मरावेत म्हणून. पुनरुज्जीवक शेतीवाला म्हणतो नांगर टाकून द्या. दोघांकडे कारणं आहेत. बिननांगरटीच्या शेतात तण वाढतं, तणनाशकाची एक फवारणी वाढते, हे कुठल्याही पत्रकात छापलेलं नसतं. आमचा कल असा: सोयाबीननंतरचा गहू बिननांगरटीनं पेरायला माळव्यात सगळ्यात सोपा, कारण सोयाबीनचा पाला झडून गेलेला असतो आणि मागे काड फार उरत नाही. सुरुवात तिथून करावी. फक्त माती हातात दाबून सोडल्यावर फुटली पाहिजे. ओल जास्त असताना दाता घातला तर चिकणमातीत चर लिंपल्यासारखा होतो, बंद होत नाही आणि बी पाखरं वेचतात. हिरवळीच्या खताचा सल्लाही असाच. तागाला खरीप द्यायचा म्हणजे सोयाबीनचं नगदी पीक सोडायचं, आणि उन्हाळ्यात द्यायचा म्हणजे बोअरचं पाणी द्यायचं. ज्याच्या पोटापाण्याशी जुळत नाही ते शिकवण्यात दोघांचाही वेळ जातो. त्याऐवजी सोयाबीनमध्ये तूर घ्या, बांधावर हिरव्या पाल्यासाठी ग्लिरिसिडियाची झाडं लावा.

जीवामृताबद्दल बोललं की माणसं दोन तटांत विभागतात, म्हणून थोडी बेरीज. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. शेणातून मिळालेलं नत्र सुमारे ४० ग्रॅम, गोमूत्रातून ८०-१०० ग्रॅम, बेसनातून ७० ग्रॅम. एकराला एका वेळी एकूण २०० ग्रॅम. एकरी २० क्विंटल गहू दाण्यातूनच ४० किलोच्या आसपास नत्र उचलून नेतो. जीवामृत सूक्ष्मजीवांचं विरजण म्हणून द्या, त्याला विरोध नाही. ते युरियाच्या जागी द्या असं सांगणारा शेतकऱ्याला खड्ड्यात घालतो, आणि दुसऱ्या वर्षी तो शेतकरी शेणखतासकट सगळ्याच गोष्टींवरचा विश्वास गमावतो. श्रीलंकेनं २०२१ साली एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला. एवढा मोठा धडा शेजारी असताना गावपातळीवर तोच प्रयोग करू नये.

युरिया कमी करण्याला मात्र जागा आहे, आणि कमी कर्बाच्या शेतीत सगळ्यात खात्रीची बचत तिथेच आहे. ओलिताच्या गव्हाला एकरी ४८ किलो नत्राची शिफारस. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची एक गोणी टाकली की त्यातले ९ किलो आले. उरलेल्या ३९ किलोंना दोन गोण्यासुद्धा पूर्ण लागत नाहीत. तीन टाकणारे कमी नाहीत. ओल्या रानावर दुपारी फेकलेला युरिया काळ्या, अल्कधर्मी मातीत अमोनिया होऊन उडतो, म्हणून हाताला जास्त लागतो. आंतरराष्ट्रीय ढोबळ मापानं दिलेल्या नत्राच्या एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन जातं, आणि हा वायू कर्बवायूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) २७३ पट तापवतो. एका गोणीतलं २०.७ किलो नत्र म्हणजे ८९ किलो कर्बवायूइतका भार, शिवाय युरियातला स्वतःचा कर्ब सुटतो त्याचे ३३ किलो. कारखान्यातला गॅस वेगळाच. एक गोणी वाचली की एकरी सव्वाशे किलोंची बचत झाली, त्याच वर्षी, आणि ती पुढे कधी उलटत नाही.

मातीतल्या कर्बाचं तसं नाही. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये सुमारे १९५० टन माती असते. सेंद्रिय कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यांवर न्यायचा म्हणजे दोन टनांच्या आसपास कर्ब साठवायचा, कर्बवायूत मोजला तर सात टन. हेक्टरी दहा टन शेणखत दरवर्षी घातलं तरी त्यातला जो कर्ब काही वर्षांनी मातीत टिकतो तो वर्षाला दोनेकशे किलो. म्हणजे ०.१ टक्क्याला दहा वर्षं. काड, कमी नांगरट, तुरीचा पालापाचोळा जोडीला आला तर पाच-सहा. पाच एकरवाल्याची वर्षाला तीन टनांपलीकडे पत, म्हणजे साठवलेल्या कर्बवायूच्या हिशेबानं विकता येणारं कार्बन क्रेडिट, निघत नाही. टनाला हजार रुपये मिळाले असं धरलं तरी तीन हजार, आणि त्यातून मोजणीचा, पडताळणीचा, मध्यस्थाचा वाटा जाणार. एका वर्षी नांगर खोल घातला की साठवलेल्यातलं काही पुन्हा उडणार. कार्बन क्रेडिटच्या पैशाचं आमिष दाखवून गाव गोळा करणाऱ्यांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा. मोजायचंच असेल तर मृदा आरोग्य पत्रिकेचा नमुना तरी दरवर्षी एकाच महिन्यात, त्याच शेतात, नागमोडी चालत दहा-पंधरा जागी इंग्रजी व्हीच्या आकाराचा १५ सेंटिमीटरचा खड्डा घेऊन काढा. एका वर्षी बांधाजवळून वरवर खरवडलेली माती आणि दुसऱ्या वर्षी शेतामधली, यांत ०.१ टक्क्याचा फरक काही न करताही पडतो.

आता पैशाचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाचे २४८१ कोटी रुपये, १५ हजार समूह, एक कोटी शेतकरी आणि ३० हजार कृषी सख्या व सामुदायिक कार्यकर्ते. कल्पना योग्य दिशेची आहे, कारण गावातलीच माणसं नेमली आहेत. आंध्र प्रदेशात २०१६ पासून शेतकरीच शेतकऱ्यांना शिकवतात आणि बायकांचे बचत गट तो भार उचलतात, तो अनुभव जमेस आहे. पण भागाकार केला तर एका कार्यकर्त्यामागे ३३३ शेतकरी येतात. आठवड्यातून एकदा शेतात जायचं म्हटलं तर पंचवीस-पंचवीसचे चार गट, म्हणजे शंभर, ही एका माणसाची कमाल मर्यादा आहे. महिना वीस हजार मानधन आणि पाच हजार पेट्रोल धरलं तर वर्षाला तीन लाख, शेतकऱ्यामागे तीन हजार. काड गाडत पेरणी करणाऱ्या एका सुपर सीडर यंत्राची किंमत दोन-तीन लाखांच्या घरात असते. यंत्र वर्षातले वीसेक दिवस चालतं आणि बाकीचे दिवस शेडमध्ये उभं असतं.

जोखमीचा खर्च तर याहून कमी आहे. प्रत्येकानं अर्धा एकरच शिकण्यासाठी ठेवायचा, शेजारच्या अर्ध्या एकरात नेहमीचं, आणि दोन्हीचं उत्पन्न वेगळं तोलायचं. एका हंगामात एकच गोष्ट बदलायची. पाच एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. माळव्यात सोयाबीन एकरी साडेचार क्विंटल धरलं आणि शिकण्याच्या तुकड्यात वीस टक्के घट आली, तर अर्ध्या एकरात ४५ किलो गेलं. २०२५-२६ च्या ५३२८ रुपयांच्या हमीभावानं २४०० रुपये. पंचवीसच्या पंचवीस जणांचं चुकलं तरी गटाची भरपाई ६० हजार. ही हमी लेखी दिली की माणूस स्वतःहून युरियाची गोणी कमी करून बघतो. नुसत्या भाषणानंतर ती जोखीम तो एकट्यानं का घेईल?

वर्गात कोण बसतं हेही बदलायला हवं. बीजप्रक्रिया, निंदणी, शेणखत पसरणं बायका करतात, आणि प्रशिक्षणाचं बोलावणं ज्याच्या नावावर जमीन त्याला येतं. कल्चर शेवटी लावायचं हे नवरा ऐकून येतो, बियाणं मात्र ती चोळते. वर्गाची वेळ दुपारी ठेवली आणि जागा अंगणात, तर हा दोष विनाखर्च सुटतो.

दुसरा दोष आपल्या, इंदूरच्या मराठी घरांच्या अंगणातला आहे. सांवेर, देवास, महूकडे ज्यांच्या जमिनी आहेत आणि जे स्वतः शहरात राहतात, त्यातल्या पुष्कळांची जमीन एकेका वर्षाच्या बोलीवर बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, जाते. यंदा गाडलेल्या काडाचं फळ तिसऱ्या वर्षी येणार, आणि तिसऱ्या वर्षी ही जमीन आपल्याकडे असेल का हे बटाईदाराला ठाऊक नाही. तो नरवाई का गाडेल, शेणखताच्या ट्रॉलीचे पैसे का घालेल? त्याला शंभर वर्ग दिले तरी काड पेटणारच. कूळ लागण्याची जुनी भीती मनात आहे म्हणून मालक लेखी द्यायला कचरतात. मध्य प्रदेशात २०१६ साली भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्या हितरक्षणाचा कायदा झाला आहे, लेखी करारानं मालकी जात नाही. तेव्हा यंदा गहू निघाल्यावर व्यवहार ठरवताना तो तीन वर्षांचा करावा. काड जाळायचं नाही, त्याबदल्यात रिपरच्या आणि वखरणीच्या एका फेरीचं भाडं मालक देईल. शेणखताचा निम्मा खर्च मालकाचा. मुदतीआधी जमीन काढून घेतली तर बटाईदारानं घातलेल्या खताचे पैसे परत. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षीच्या मेमध्ये मातीचा नमुना दोघांच्या समोर काढायचा आणि अहवालाची एक प्रत त्याच्याकडे राहू द्यायची.